ई नावाच्या बेटाची प्रदक्षिणा

आजींनी चष्म्याचं घर टेबलावर उभं ठेवलं. "हे मल," म्हणाल्या. त्याच्या डाव्या अंगाला दोन बोटं जागा सोडून त्यांनी एक ओटकेक ठेवला, ओटच्या पिठाची ती जाडसर, खुसखुशीत, बिस्किटासारखी भाकरी. "आणि हे आमचं बेट. चल, फिरून ये."

मी ओटकेकच्या वरच्या टोकाला बोट टेकवलं आणि डावीकडून खाली येऊ लागले. आजींनी माझं मनगट धरलं. "असं नाही. असं कुणी जात नाही." माझं बोट उचलून त्यांनी उजव्या कडेवर, बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर ठेवलं आणि तिथून दक्षिणेकडे ढकललं. "जेशल. सूर्य जातो तसं."

म्हणजे प्रदक्षिणाच. मी त्यांना आपल्या देवळांबद्दल सांगितलं, देव नेहमी उजव्या हाताला ठेवायचा हे सांगितलं, तशा त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. "आमच्याकडे होडी पाण्यात लोटली की आधी उजवीकडून वळसा घ्यायचा. प्रेत नेतानाही तसंच." मार्टिन मार्टिन या स्काय बेटावरच्या माणसाने १७०३ साली छापलेल्या पश्चिम बेटांच्या वर्णनात ही चाल नोंदवून ठेवली आहे. पण मला खरा धक्का बसला तो शब्दाचा. जेशल हा शब्द जेस वरून आला, आणि आजींच्या गेलिक भाषेत जेस म्हणजे उजवा, आणि जेस म्हणजेच दक्षिण. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा, आणि दक्षिण म्हणजेच दक्षिण दिशा. भाषांचे अभ्यासक हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानतात. ग्लासगोच्या पार्टिक भागातल्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात, नव्वदीला टेकलेली एक बाई आणि तिच्या वरच्या मजल्यावर राहणारी मी, आम्ही दोघी एकच शब्द बोलत होतो. मधली काही हजार वर्षं तेवढी निराळ्या रस्त्यांनी गेली होती.

पार्टिक हा पूर्वीपासून बेटांवरून पोट भरायला आलेल्या गेलिक-भाषकांचा भाग, आपल्याकडे लालबाग-परळ जसा कोकणातून आलेल्यांचा. आजींचं बेट म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर, मल या मोठ्या बेटाच्या शेजारचं आयोना. साडेपाच किलोमीटर लांब, अडीच किलोमीटर रुंद, आणि आज वस्ती पावणेदोनशेच्या आसपास. मी त्यांना आजी म्हणायचे. या हाकेचा अर्थ समजल्यावर त्यांनी दुसऱ्या कुठल्या नावाने मला हाक मारूच दिली नाही. त्या मला म्हणायच्या 'म्येदल', माझं धन.

त्यांच्या तोंडी मात्र 'आयोना' कधी यायचं नाही. त्या म्हणायच्या 'ई'. नुसतं दीर्घ ई. पूर्ण नाव घ्यायचं तर 'ई खालम खिल्ये', संत कोलंबाचं ई. नावं उतरवून घ्यायला मी एक वही केली होती. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "यात माझं बेट कुठे आहे?" मी एका अक्षरावर बोट ठेवलं. "एवढंच?" "एवढंच." त्यांनी ते अक्षर नखाने गिरवून बघितलं, वरच्या रफारासारख्या शेंड्यासकट, आणि म्हणाल्या, "मग बरोबर लिहिलंयस."

'आयोना' हे नाव तर वाचनाच्या चुकीतून जन्मलं. या बेटाच्या मठाचा नववा मठाधिपती अडोमनान याने इ.स. ७००च्या सुमारास संत कोलंबाचं लॅटिन चरित्र लिहिलं. त्याची आठव्या शतकाच्या सुरुवातीची एक हस्तलिखित प्रत आज स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझनला आहे. त्यात बेटाचं नाव आहे 'इओवा'. त्या काळच्या लिपीत यू आणि एन ही अक्षरं चटकन ओळखू येत नाहीत. पुढच्या कुणा नक्कलकाराने यूचा एन वाचला आणि इओवाचं इओना झालं. योगायोग असा, की हिब्रू भाषेत योना म्हणजे पारवा आणि लॅटिनमध्ये कोलंबा म्हणजेही पारवा. संताच्या नावांचं हे साम्य खुद्द अडोमनाननेच लिहून ठेवलं होतं. त्यामुळे चुकीला पुण्याईचा आधार मिळाला आणि ती टिकली. साऱ्या जगाने चुकीचं नाव उचललं. बेटावर राहणाऱ्यांनी मात्र तेराशे वर्षं आपलं ई सोडलं नाही. त्यांनी ते कुठे वाचलेलंच नव्हतं, मग चुकीचं वाचणार कसं?

आजींचं बोट आता फिरू लागायचं. धक्क्याजवळ पॉर्श्त रोनन, संत रोननचं बंदर. पॉर्श्त म्हणजे पोर्टच, पण आपण बंदर म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसं काही नाही. एखादी होडी ओढून घेता येईल एवढी खडकांमधली फट असली तरी पॉर्श्त. मग पॉर्श्त नम मार्तर, हुतात्म्यांचं बंदर. ८०६ साली नॉर्स चाच्यांनी मठातली अडुसष्ट माणसं कापली, ती इथे, असं सांगतात. पुढे कित्येक शतकं राजेरजवाड्यांची प्रेतं याच वाळूवर उतरवली जात आणि मेलेल्यांच्या रस्त्याने संत ओरनच्या दफनभूमीकडे नेली जात. स्कॉटलंडचे अठ्ठेचाळीस राजे तिथे पुरलेत, असं १५४९च्या एका वृत्तांतात आहे. या भागाबद्दल आजी फार बोलत नसत. "ते सगळं फलकावर लिहिलंय," म्हणायच्या आणि बोट पुढे न्यायच्या.

दक्षिण टोकाला ते थांबायचं. इथे शेजारी-शेजारी दोन बंदरं. पहिलं पॉर्श्त अन इर व्रेगे. मी ऐकलं तसं लिहिलं आणि नंतर नकाशात शोधायला बसले तर सापडेना, कारण नकाशात त्यातल्या 'इर'च्या आधी एफ आणि एच अशी दोन अक्षरं आहेत, जी लिहायची असतात आणि म्हणायची नसतात. अर्थ खोट्या माणसाचं बंदर. खोटा माणूस म्हणजे? आजींनी दोन्ही हात बाजूला ताठ पसरले आणि मान एका अंगाला टाकली. बुजगावणं! दुरून माणूस उभा आहे असं वाटावं अशा दगडालाही तोच शब्द.

दुसरं पॉर्श्त अ खूरिख, कूरखचं बंदर. लाकडी सांगाड्यावर गाईचं कातडं ताणून शिवलेली होडी म्हणजे कूरख. ५६३ साली कोलंबा बारा सोबत्यांना घेऊन आयर्लंडहून आला तो अशा होडीतून, आणि लागला तो इथे, असं बेटावर सांगतात. परत जायचा मोह नको म्हणून त्याने होडी किनाऱ्यावरच पुरली. गोट्यांचा एक लांबट उंचवटा आहे, तोच तो. मग तो वरच्या टेकाडावर चढला, दक्षिणेकडे डोळे ताणून पाहिलं. आयर्लंड दिसत नव्हतं. म्हणून इथेच राहायचं ठरवलं. त्या टेकाडाचं नाव कार्न कूल री एरिन, आयर्लंडकडे पाठ केलेली दगडांची रास.

ही गोष्ट अडोमनानच्या चरित्रात नाही. मी आजींना ते सांगितलं. सांगताना मला वाटत होतं मी त्यांचं काहीतरी हिरावून घेते आहे. त्या म्हणाल्या, "त्याच्या पुस्तकात नसेल. पण नाव ठेवणारा माणूस तिथे पाठ करून उभा होता ना? कुणीतरी होताच." मग उठून बटणांच्या डब्यातून त्यांनी बोराएवढा एक खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. खिडकीकडे धरला तर आत उजेड शिरला, समुद्राच्या उथळ पाण्यासारखा पिवळसर हिरवा, मधून काळपट धागे गेलेले. लाटांनी घासून घासून त्याला साबणासारखा गुळगुळीतपणा आला होता. पॉर्श्त अ खूरिखच्या गोट्यांत हे हिरवे खडे सापडतात. त्यांना कोलंबाचे अश्रू म्हणतात, आणि खिशात असला तर माणूस बुडून मरत नाही असा समज आहे. आजींच्या वडिलांच्या बंडीच्या खिशातला हा खडा. ते म्हातारपणी, अंथरुणात गेले.

कूल म्हणजे पाठ. हा शब्द ओटकेकच्या पश्चिमेच्या कडेवर पुन्हा येतो. तिथे एक विस्तीर्ण, उघडावाघडा उपसागर आहे: कामस कूल अन ताइव. इंग्रजी पाट्यांवर त्याचं भाषांतर आहे 'महासागराच्या पाठीमागचा उपसागर'. माझ्या मनाला ते पटेना. समोर अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी, मग हा उपसागर महासागराच्या पाठीमागे कसा? मी आजींना विचारलं. त्यांनी मला उभं केलं. "सकाळ झाली. तोंड कुठे?" सूर्याकडे, पूर्वेला. "उजवा हात कुठे?" दक्षिणेला, जेस. "आणि पाठ?"

पाठ समुद्राकडे. गेलिकमध्ये पश्चिमेला इअर म्हणतात, आणि त्याच शब्दात 'नंतर, मागाहून' हाही अर्थ आहे. उत्तरेचा शब्द तुअ, तो मुळात डाव्याचा. आपल्याकडे पूर्व म्हणजे पुढचं, आधीचं; पश्चिम म्हणजे पश्चात, मागचं; दक्षिण म्हणजे उजवं. सकाळी पूर्वेला तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या शरीराभोवती या सगळ्या दिशा मांडलेल्या. कागदावरच्या नकाशात उत्तर नेहमी वर असते, म्हणून तर माझं बोट आपसूक वरून सुरू झालं होतं. आजींच्या बेटाला 'वर' नव्हतंच. त्याला पुढचं अंग होतं आणि पाठ होती. त्या उपसागराच्या नावाची ही उकल पंडितांना मान्य होवो न होवो, मला ते नाव त्या स्वयंपाकघरात, पाठीमागच्या दाराचा गार वारा मानेला लागत असताना कळलं.

अंगाची नावं किनाऱ्याला तर किती! क्यान म्हणजे डोकं, समुद्रात घुसलेल्या जमिनीचं टोक. आपणही भूशिरच म्हणतो. स्त्रोन म्हणजे नाक. ब्येल म्हणजे तोंड. द्रिम म्हणजे पाठीचा कणा, लांबट डोंगराची धार. उपसागराच्या मागच्या वाळूमिश्रित कुरणाला मात्र शब्द निराळा: माखर. शिंपल्यांचा चुरा वाऱ्याने आत उडून येतो, त्याने माती गोड होते आणि जूनमध्ये त्यावर पिवळी-पांढरी रानफुलं दाटतात. मी वहीत 'माखर' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. इथे नात्याचा काही संबंध नाही, केवळ कानांचा योगायोग. तरी गणपतीचं फुलांनी सजवलेलं माखर त्यांना मी बोलून, हातवारे करून उभं करून दाखवलं. पुढे त्या कुरणाचा विषय निघाला की त्या विचारायच्या, "तुमचा हत्तीचा देव आमच्याकडे बसेल का?"

ख हा उच्चार त्यांना मी आल्या दिवसापासून बरोबर म्हणते याचंच फार कौतुक. त्यांचा ख घशातून घासत येतो, उर्दूतल्या ख़सारखा. माझा थोडा जाड. पण आजूबाजूची बहुतेक माणसं लॉखला, म्हणजे सरोवराला, सरळ 'लॉक' म्हणत. आम्ही आकडेही मोजून पाहिले. त्यांचे शॅख्क, ऑख्क, जेख. माझे सात, आठ, दहा. महिन्याला त्या म्हणाल्या 'मीस', मी म्हणाले 'मास'.

माखराच्या कडेला एक हिरवी टेकडी आहे, अगदी बुटकी. अडोमनान लिहितो, की कोलंबा तिथे एकटा प्रार्थना करत असताना एका भिक्षूने लपून पाहिलं, तर पांढऱ्या वस्त्रांतले देवदूत त्याच्याभोवती उतरले होते. म्हणून त्या जागेला क्नोक अंगेल म्हणतात, देवदूतांची टेकडी. तेराशे वर्षांपूर्वी लिहिताना तो नाव स्थानिक भाषेतच देतो, लॅटिनमध्ये नुसतं फिरवत नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. याच टेकडीचं दुसरं नाव शीहन, म्हणजे गेलिक परीलोकांचं घर. आजींना दोन्ही नावं चालायची. रविवारी देवदूत, आठवडाभर शीहन. गुरं शोधायला संध्याकाळी जायचं असलं की त्या लहानपणी टेकडीला उजव्या हाताला ठेवून पळत जायच्या.

ओटकेकचा पश्चिम किनारा मात्र त्या सर्वांत सावकाश फिरायच्या. नैर्ऋत्येला ऊअव अन चेजी, फुंकणारी गुहा: लाट आत शिरते, कोंडलेली हवा दाबली जाते आणि वरच्या भोकातून पाणी फवाऱ्यासारखं उडतं. मग कामस, मग पॉर्श्त बान, पांढरं बंदर. आणि खडक. पुष्कळ खडक. भरतीत डोकं वर राहतं त्याला एक शब्द, स्केर. सदैव पाण्याखाली राहून फक्त लाट फोडतो त्याला दुसरा, बोअ. समुद्राने किनाऱ्यात कापलेल्या अरुंद घळीला ग्योअ. हे तिन्ही शब्द नॉर्स भाषेतले. ज्यांनी मठ लुटला त्यांच्याच पोरांनी पुढे इथे घरं केली, मासे मारले, आणि होडी फुटू नये म्हणून जे शब्द जिभेवर असावे लागतात ते इथल्या भाषेला देऊन गेले.

आजी म्हणायच्या, त्यांच्या वडिलांची आणि आईची नावं एक नव्हती. वडील खडक बघायचे होडीतून. वरचं घर अमक्या टेकाडाच्या रेषेत आलं की जाळं टाकायचं, असे त्यांचे अंदाज; त्यांना खडकाचा समुद्राकडचा चेहरा माहीत. आई जायची सुकतीला, घुले वेचायला, पोतं पाठीवर घेऊन, तिला जमिनीकडचा. एकाच खडकाला दोघांची दोन नावं, आणि घरात दोन्ही चालायची.

ब्रिटिश सरकारचे मोजणीदार आर्गाइल परगण्यात १८६८ ते १८७८ या काळात फिरले. त्यांच्या नावांच्या वह्यांमध्ये प्रत्येक नावापुढे एक रकाना असे: हे स्पेलिंग कुणाच्या भरवशावर? त्यात बहुतेक पाद्री, मास्तर, जमीनदाराचा कारभारी अशी माणसं. घुले वेचणाऱ्या बाईला कोण विचारणार? त्या मोजणीने पुष्कळ नावं वाचवली, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. विल्यम रीव्ज यांनी १८५७ साली अडोमनानच्या ग्रंथाची जी आवृत्ती काढली तिच्यातही बेटावरची नावं आहेत, आणि बेटावरच चांदीचे दागिने घडवणाऱ्या अलेक्झांडर व युफीमिया रिची या जोडप्याने गेलिक नावांचा नकाशा काढला. हे सगळे कागद नसते तर आज हातात फार थोडं उरलं असतं. पण १८७२च्या शिक्षण कायद्यात गेलिकला जागाच नव्हती. आजी शाळेत गेल्या तेव्हा मधल्या सुट्टीत तोंडून गेलिक निघालं म्हणून त्यांना पट्टी बसली. "मी फक्त समुद्र कुठवर आलाय ते सांगत होते," म्हणाल्या. सत्तर-ऐंशी वर्षांनीही हे सांगताना त्यांनी तळहात मिटून घेतला.

मालकांनी दिलेल्या नावांचं नशीब निराळं. याच भागातल्या उल्वा बेटावर जन्मलेला लाख्लन मॅक्वारी १७८८ साली पलटणीबरोबर मुंबईला आला. तिथेच त्याने जेन जार्विसशी लग्न केलं. ती तीन वर्षांत क्षयाने गेली. तिचा देह मुंबईच्या मातीत आहे. पुढे तो मोठा माणूस झाला, मलवर जमीन घेतली आणि तिला नाव दिलं जार्विसफील्ड. त्या माणसाच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. पण आज त्याची कबर कुठे म्हणून विचारलं तर लोक ग्रूलिन सांगतात, जुनं गेलिक नाव. जार्विसफील्ड जिभेवर बसलं नाही. त्या नावाने तिथे कुणी गुरं हाकली नव्हती.

फेरी पुरी झाली, त्राय बान नम मानख या उत्तरेच्या पांढऱ्या पुळणीवरून बोट परत धक्क्यावर आलं, की आजी ओटकेकचे दोन तुकडे करायच्या. एक माझा.

अशाच एका दुपारी त्यांनी एका खडकाचं नाव सांगितलं. दोनच शब्दांचं. पॉर्श्त बानच्या जवळचा. त्याच्या कपारीत शेवंडं मिळायची, म्हणून वडिलांनी बजावलं होतं, परक्याला सांगायचं नाही. "आता कोण पकडतंय," म्हणाल्या, आणि तरी आवाज खाली आणून सांगितलं. मी देवनागरीत उतरवून घेतलं. "खूण काय?" "भरती येताना तिथे तीन खडक दिसतात. शेवटी बुडतो तो."

नंतरच्या हिवाळ्यात आजी गेल्या. त्यांचा आवाज मी कधी ध्वनिमुद्रित केला नाही. खिशात फोन होता, रोजचा, आणि सुचलं नाही. ही खंत माझ्याजवळ कायमची आहे.

पुढच्या जूनमध्ये मी मल ओलांडून फिनफोर्टला गेले आणि दहा मिनिटांच्या फेरीबोटीने बेटावर उतरले. धक्क्यावरून दक्षिणेला वळले. कार्न कूल री एरिनवर पाठ दक्षिणेला करून उभी राहिले. फुंकणारी गुहा त्या दिवशी गप्प होती, समुद्र तेवढा चढलेला नव्हता. माखरावर फुलं होती आणि गवतात कुठेतरी तो न दिसणारा पक्षी, कॉर्नक्रेक, करवत ओढावी तसा करकरत होता. कुंपण बांधणाऱ्या एका तरुणाला, बेटावरच जन्मलेल्या, मी त्या खडकाबद्दल विचारलं. नाव सांगितलं नाही, फक्त जागा. तो विचार करून म्हणाला, "आजोबांना ठाऊक असतं."

पॉर्श्त बानला पोचले तेव्हा पाणी पार आत गेलं होतं. खडक तीन कुठले, तीस होते. काळे, शेवाळलेले, सगळे सारखे. मी रात्री बेटावरच राहणार होते, घाई नव्हती. वाळूवर बसून राहिले. पाणी चढू लागलं तसे खडक एकेक करून नाहीसे झाले आणि तासाभराने खरोखरच तीन उरले. मग डावीकडचा गेला. मग अगदी माझ्या समोरचा, जो मला सर्वांत उंच वाटत होता आणि मी मनाशी तोच धरून चालले होते. उरलेल्या खडकावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत होता. लाटा त्याच्या पायांपर्यंत यायला लागल्या, तरी तो हलला नाही. मी वही उघडली आणि ते नाव मोठ्याने वाचलं.